विद्यापीठात कुणाचं काम कुणाकडे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ज्यांना लागू आहे त्या विद्यापीठांपुरती आहेत: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली, एसएनडीटी. कृषी, आरोग्य विज्ञान, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, अभिमत आणि खासगी विद्यापीठे यांचे कायदे वेगळे आहेत. गोवा विद्यापीठाचाही वेगळा आहे. मात्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांवर आधारलेली उत्तरे (८, ९, १५ आणि, त्यातला महाराष्ट्राचा रॅगिंग कायदा सोडून, १८) गोव्यातल्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडतील.

१. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद यांत फरक काय?

अधिसभा म्हणजे सिनेट. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. सदस्य प्रश्न विचारतात, ठराव मांडतात, वार्षिक अहवालावर बोलतात. वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्या लागतात. त्यातली मार्चमधली अर्थसंकल्पाची. व्यवस्थापन परिषद रोजचा कारभार चालवते: पैसा, जागा, नेमणुका, करार. विद्यापरिषद शिक्षणाचा दर्जा, अभ्यासक्रम, प्रवेशाचे आणि परीक्षेचे शैक्षणिक नियम पाहते.

पत्र लिहिताना हा फरक कामाला येतो. वसतिगृहाला पाणी नाही हा विषय विद्यापरिषदेचा नाही आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलणे अधिसभेच्या हातात नाही. अधिसभेत प्रश्न विचारता येतो, त्याचे उत्तर छापील मिळते आणि ते इतिवृत्तात राहते. अडलेल्या फाईलला कधीकधी तेवढा धक्का पुरतो.

२. कुलपती, कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता: पत्र नक्की कुणाच्या नावे लिहायचं?

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. कुलगुरू हे शैक्षणिक आणि कार्यकारी प्रमुख. मुदत ५ वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, आणि त्याच पदावर फेरनियुक्ती नाही. प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाते यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली असते. म्हणून कुलगुरू बदलले की काही महिने ‘प्रभारी’ हा शब्द सगळीकडे दिसतो आणि धोरणात्मक फाईली थांबतात. त्या काळात नवा अभ्यासक्रम किंवा नवे नियम मागण्यापेक्षा ठरलेल्या नियमांतले काम मागा, ते होते.

कुलसचिव हे प्रशासनाचे प्रमुख आणि मुख्य प्राधिकरणांचे सचिव. कोणते दार ठोठवायचे ते कळत नसेल तर पत्र कुलसचिवांच्या नावे द्या. परीक्षेचे पत्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना (जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘परीक्षा नियंत्रक’), पैशाचे वित्त व लेखा अधिकाऱ्यांना, शिबिरे-महोत्सव-विद्यार्थी कल्याणाचे विद्यार्थी विकास संचालकांना. सरळ कुलपतींना लिहिलेले पत्र बहुतेकदा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन त्याच विद्यापीठात परत येते आणि मधले आठवडे जातात.

३. आमचा विषय कोणत्या विद्याशाखेत येतो?

२०१६ च्या कायद्यात विद्याशाखा चारच आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आंतरविद्याशाखीय अभ्यास. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र पहिलीत, विधी मानव्यविज्ञानात, तर शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, पत्रकारिता हे विषय आंतरविद्याशाखीयमध्ये. पत्रकारितेचे विद्यार्थी मानव्यविज्ञानाच्या अधिष्ठात्यांकडे जातात आणि परत येतात, हे दर वर्षी होते.

४. सिलॅबस कोण ठरवतं? एखादं युनिट चुकीचं किंवा फार जुनं असेल तर?

सुरुवात अभ्यासमंडळात होते. तिथून मसुदा विद्याशाखेकडे आणि पुढे विद्यापरिषदेकडे जातो. तक्रार त्या विषयाच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना करा, प्रत अधिष्ठात्यांना. ‘सिलॅबस जड आहे’ एवढ्याने काही हलत नाही. सत्र, विषयाचा कोड, युनिट, त्याला दिलेले तास, प्रत्यक्ष लागणारे तास आणि सुचवलेला बदल इतके एका पानात मांडा. विभागप्रमुखांची सही असली तर विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्याची शक्यता बरीच वाढते. बदल झाला तरी तो पुढच्या तुकडीपासून लागू होतो. चालू सत्राची परीक्षा जाहीर झालेल्या अभ्यासक्रमावरच होते.

५. कॉलेज म्हणतं ‘विद्यापीठाचा नियम आहे’. नियम कुठे पाहायचा?

नियमांची उतरंड अशी: अधिनियम विधिमंडळाचा, त्याखाली परिनियम, मग विद्यापीठाचे अध्यादेश आणि विनियम, सगळ्यात खाली परिपत्रक. खालच्याने वरच्याला छेद दिला तर वरचा चालतो. परिपत्रकाला क्रमांक आणि दिनांक असतो. तो विचारा. ‘वरून तोंडी आलंय’ या उत्तरावर एवढेच लिहून मागा: “सदर अट कोणत्या परिपत्रकानुसार आहे, त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा.” निम्म्या अटी या एका वाक्यावर गळतात.

६. प्राध्यापक आणि पदवीधर अधिसभेवर कसे निवडून जातात? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मत असतं का?

अधिसभेत संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या १० आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा निवडणुकीने भरतात. प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठ विभागांतील प्राध्यापक यांचे मतदारसंघ वेगळे. पदवीधरांच्या १० पैकी ५ खुल्या, ५ राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक.

तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे तासागणिक मानधनावर) शिकवणाऱ्यांना प्राध्यापक गटात मत नाही, कारण कायद्यातली ‘शिक्षक’ची व्याख्या पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त पदाची आहे. वर्षानुवर्षे भरती नसल्याने अनेक विभाग याच लोकांच्या खांद्यावर चालतात आणि अभ्यासक्रम ठरवताना त्यांचा आवाज नसतो. ही कायद्यातली मोठी उणीव आहे. ते पदवीधर म्हणून मात्र नाव नोंदवू शकतात.

पदवीधराचे नाव आपोआप यादीत येत नाही. विद्यापीठाची अधिसूचना निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत अर्ज, शुल्क आणि पदवीची प्रत द्यावी लागते. मागच्या निवडणुकीत मत दिले म्हणून या वेळी नाव असेलच असे धरून चालू नका. कच्ची यादी लागली की बघा आणि हरकतीच्या मुदतीत हरकत घ्या. मुदत ५ वर्षांची असली तरी निवडणूक लांबते: मुंबई विद्यापीठात पदवीधर गटाची मार्च २०१८ नंतरची निवडणूक थेट सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

मतदान पसंतीक्रमाचे असते. आवडत्या उमेदवारापुढे १, मग २, ३ असे आकडे. बरोबरची खूण केली, किंवा १ दोघांपुढे लिहिला, की मतपत्रिका बाद. सुशिक्षितांच्या या निवडणुकीतही प्रत्येक मोजणीत बाद मतांचा गठ्ठा निघतोच.

७. विद्यार्थी निवडणुका का होत नाहीत? मग आमचा प्रतिनिधी कोण?

१९९४ च्या कायद्याने थेट निवडणूक बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली: महाविद्यालय परिषदेचे अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्ग प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी निवडायचे, एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे. २०१९ मध्ये निवडणुका घ्यायचे ठरले, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि मग कोविड आला.

विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेचे सदस्य असतात. परिषदच नसली की त्या खुर्च्या रिकाम्या राहतात. अशा वेळी पदवीधर गटाच्या सदस्यांकडून प्रश्न मांडून घेणे हाच व्यवहार्य मार्ग. प्रश्न बैठकीच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, तेव्हा आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

निवडणूक लागलीच, तर विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या आहेत हे लक्षात ठेवा: खर्चाची कमाल मर्यादा उमेदवारामागे ५,००० रुपये, किमान ७५ टक्के हजेरी, एकही विषय मागे राहिलेला नको, छापील पोस्टर नको.

८. तक्रार द्यायची आहे. नेमकी कशी द्यायची?

लेखी. तोंडी तक्रारीला तारीख नसते आणि पुढची प्रत्येक मुदत तारखेपासून मोजतात.

अर्ज एका पानाचा ठेवा: नाव, अभ्यासक्रम, सत्र, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, काय घडले, कोणत्या तारखेला, काय हवे. एका अर्जात एकच विषय. निकाल, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह एकत्र लिहिले तर तिन्ही टेबले तो दुसऱ्याचा समजतात. सोबतच्या कागदांना परिशिष्ट १, २ असे क्रमांक द्या. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि दिनांक घ्या. कुणी पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, पावती जपा. संबंधित टेबलावर ‘ठेवून जा’ म्हणतील. ठेवू नका, आवकमधूनच जाऊ द्या.

यूजीसीच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियम, २०२३ प्रमाणे प्रत्येक संस्थेने ऑनलाइन तक्रारीची सोय करायची आहे. ती असेल तर तिथेच नोंदवा आणि पडद्यावर आलेल्या क्रमांकाचा फोटो घ्या.

९. तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांच्याकडे किती दिवसांत काय होतं?

आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांच्या आत समितीकडे सोपवायची. समितीत अध्यक्ष प्राध्यापक, चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक सदस्य आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. किमान एक जण महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील हवा. अध्यक्ष धरून तिघे आले की गणपूर्ती. तक्रार मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत समितीने शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो.

निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, १० वर्षे प्राध्यापकपदाचा अनुभव असलेले निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा असतो. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासाठीही विद्यापीठाचा लोकपाल तोच.

प्रवेशातील गैरप्रकार, कागद अडवणे, माहितीपत्रकाबाहेरचे पैसे, शिष्यवृत्ती किंवा निकालाला विलंब, भेदभाव, फी परताव्याला नकार हे सगळे या चौकटीत बसते. समिती न नेमता ‘आमच्याकडे तक्रारीच येत नाहीत’ म्हणणाऱ्या कॉलेजला एक ओळ लिहा: समितीच्या सदस्यांची नावे आणि नेमणुकीचा आदेश द्यावा.

१०. गुण कमी पडले. लोकपाल वाढवून देईल का?

नाही. फेरतपासणीचा मार्ग वेगळा आहे, तो प्रश्न १२ मध्ये. लोकपाल मूल्यांकनात तेव्हाच लक्ष घालतात जेव्हा निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता येतो: एका वर्गाच्या अंतर्गत गुणांची पत्रकेच भरली गेली नाहीत, किंवा एका विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाला बसूच दिले नाही. ‘पेपर चांगला गेला होता’ हा पुरावा नाही.

११. निकाल किती दिवसांत लागायला हवा?

शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत लावायचा प्रयत्न, आणि काही झाले तरी ४५ दिवसांत. हे कायद्यात लिहिलेले आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईने ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली, निकाल महिनोनमहिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. म्हणजे ही मुदत नुसती शोभेची नाही. रखडलेल्या निकालामुळे पुढचा प्रवेश जात असेल तर परीक्षा विभागाकडून ‘निकाल प्रतीक्षेत’ असे पत्र घ्या आणि जिथे प्रवेश घ्यायचा तिथे तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज करा.

१२. उत्तरपत्रिकेची प्रत मागायची की थेट फेरतपासणी? माहिती अधिकारात स्वस्त पडतं ना?

आधी छायांकित प्रत, मग निर्णय. प्रतीत तीन गोष्टी बघा: पुरवणी जोडलेली आहे का, प्रत्येक उपप्रश्नाला गुण पडलेत का, आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर आलेत का. गुण मोजण्यात किंवा नेण्यात चूक असेल तर नुसती गुणपडताळणी पुरते, ती स्वस्तही असते. तपासणीच हलकी झाली असे विषयाच्या शिक्षकांनाही वाटले तरच पुनर्मूल्यांकन. त्याची मुदत प्रत मिळाल्यापासून मोजक्या दिवसांची असते आणि चुकली की सहसा माफी नाही. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात. नवे गुण कधी धरायचे याचा नियम आपल्या विद्यापीठाच्या अध्यादेशात आधी वाचा.

माहिती अधिकाराचे म्हणाल, तर तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि ती परीक्षार्थीला पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात दिला. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. खरेच स्वस्त. पण उत्तराला ३० दिवस मिळतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत उलटून जाते. घाई असेल तर विद्यापीठाचा मार्ग. मुदत गेलीच असेल आणि काय झाले ते जाणून घ्यायचे असेल तर माहिती अधिकार. परीक्षकाचे नाव त्यात मिळत नाही. जपणुकीचा काळ संपून उत्तरपत्रिका नष्ट झाल्या असतील तर प्रतही नाही.

१३. पेपर दिला, पण निकालात ‘अनुपस्थित’. किंवा निकाल ‘राखीव’. का?

‘अनुपस्थित’ची नेहमीची कारणे: आसन क्रमांकाचा एखादा गोल चुकीचा भरला, बारकोड दुसऱ्याच विषयाच्या पानावर चिकटला, हजेरीपटावर सही राहिली, जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाच्या गठ्ठ्यांत उत्तरपत्रिका मिसळल्या. अर्ज कॉलेजमार्फतच करा, कारण पुरावा त्यांच्याकडे आहे: हजेरीपट, पर्यवेक्षकाचा अहवाल, गठ्ठा पाठवल्याची नोंद. सोबत हॉलतिकिटाची प्रत जोडा. दर पेपरला हॉलतिकिटावर पर्यवेक्षकाची सही घेण्याचा कंटाळा करू नका, तो कागद याच दिवसासाठी असतो.

‘राखीव’मागे बहुधा पात्रता राहिलेली असते (प्रश्न १४), कॉलेजने अंतर्गत गुण भरलेले नसतात, किंवा आधीच्या सत्राचे गुण नव्या नोंदणीला जोडलेले नसतात. तिन्हींत पहिला फोन कॉलेजच्या परीक्षा विभागाला. विद्यापीठात हेलपाटे घालून काही होत नाही; तिथे उत्तर एकच: “कॉलेजकडून आलं नाही.”

१४. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलोय. पात्रता म्हणजे काय, आणि ती राहिली तर?

आधीचे शिक्षण इथल्या प्रवेशाला चालते, असा विद्यापीठाचा शिक्का म्हणजे पात्रता. आधी तात्पुरती मिळते. मूळ गुणपत्रिका आणि मायग्रेशन प्रमाणपत्र (आधीचे बोर्ड किंवा विद्यापीठ सोडल्याचा दाखला) दिल्यावर अंतिम. ती पहिल्याच वर्षी पूर्ण करा. अनेकांना तिसऱ्या वर्षी पदवी अडल्यावर कळते की मायग्रेशन दिलेलेच नव्हते, आणि तेव्हा जुन्या बोर्डाकडून ते मिळवायला आठवडे लागतात.

नव्या श्रेयांक पद्धतीत एबीसी खाते (श्रेयांक जमा होण्याचे ऑनलाइन खाते, आता विद्यार्थ्याच्या ‘अपार’ या ओळख क्रमांकाशी जोडलेले) हवे. तिथले नाव, आधारवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव एकसारखे नसेल तर श्रेयांक खात्यात उतरत नाहीत. आईचे नाव, आडनावाची जागा, ‘भाऊ’ आणि ‘राव’ ही शेपटे यांच्या चुका सर्वाधिक. पदवीवर नाव चुकीचे छापले गेल्यावर दुरुस्तीला शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि वेळ लागतो. पहिल्या परीक्षा अर्जात ती फुकट होते.

१५. प्रवेश रद्द केला. फी किती परत मिळेल? कॉलेज मूळ दाखले देत नाही.

मूळ कागद ठेवून घेण्याचा अधिकार कॉलेजला नाही. पडताळून लगेच परत द्यायचे आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या.

परतावा प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेवरून ठरतो. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे: त्या तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी रद्द केला तर पूर्ण फी, फक्त प्रक्रिया खर्च (फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५,००० रुपये) वजा. १५ दिवसांहून कमी आधी ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. कोविडनंतर काही वर्षी यूजीसीने याहून उदार परिपत्रके काढली, म्हणून आपल्या वर्षाचे परिपत्रक आधी पाहा. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश असेल तर रद्द करण्याची रीत त्या माहितीपुस्तिकेप्रमाणे, आणि ती पोर्टलवरूनच करायची. कॉलेजला दिलेले नुसते पत्र तिथे चालत नाही.

१६. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज महिनोनमहिने ‘प्रलंबित’ आहे. कुठे अडला?

अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग संबंधित विभागाच्या लॉगिनला. कुठे आहे ते खात्यात दिसते. कॉलेजच्या टप्प्यावर अडला तर शिष्यवृत्ती लिपिकाला अर्ज क्रमांकासह लेखी द्या. परत पाठवला असेल तर शेरा वाचून मुदतीत पुन्हा सादर करावा लागतो. आपोआप तो पुढे जात नाही. मंजूर होऊनही पैसे न येण्याचे पहिले कारण बँक: खाते आधारला ‘जोडलेले’ असणे आणि थेट लाभासाठी तेच खाते निवडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे खाते उघडताना ती निवड नकळत नव्या बँकेकडे जाते.

१७. मुलींना फी माफ आहे ना? मग कॉलेज पैसे का मागतंय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट म्हणजे प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, अनामत हे यात येत नाही. म्हणून कॉलेजकडे शीर्षकनिहाय पावती मागा. शिक्षण शुल्क ‘विकास’ किंवा ‘इतर’ अशा नावाखाली सरकवलेले असेल तर ते तिथेच दिसते, आणि मग प्रश्न ९.

१८. रॅगिंग किंवा लैंगिक छळ झाला. कुणाकडे, आणि किती दिवसांत?

रॅगिंगसाठी २४ तास १८००-१८०-५५२२. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार संस्थाप्रमुखाने तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य असेल तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला काढून टाकल्यावर ५ वर्षे दुसऱ्या संस्थेत प्रवेश नाही. ‘आपसात मिटवा’ हा सल्ला कुणी दिला तर तो लेखी मागा. देणार नाहीत.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे (यूजीसी विनियम, २०१५), घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीत तीन निवडून आलेले विद्यार्थीही बसतात. आरोप मार्गदर्शकावर असेल तर चौकशी चालू असेपर्यंत त्याच्याकडून तुमच्या कामाचे मूल्यमापन काढून घ्यावे, असे पहिल्याच अर्जात मागा. पीएचडीच्या विद्यार्थिनींना याची सर्वाधिक गरज असते आणि सांगत कुणी नाही. हे विनियम सर्व लिंगांच्या विद्यार्थ्यांना संरक्षण देतात. पोलिसांत जाणे हा वेगळा हक्क आहे, समिती त्याला थांबवू शकत नाही.

१९. अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ कसा मिळतो?

तासाला किमान २० मिनिटे. ३ तासांच्या पेपरला १ तास. लेखनिक स्वतः आणता येतो; तेव्हा त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवे. संस्थेने दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटू द्यायचे असते. अर्ज परीक्षा अर्जासोबतच करा, दाखल्याच्या प्रतीसह. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे पण लिहिता येत नाही, अशांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मार्गदर्शक सूचना आल्या; त्यांत शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. लेखनिक ऐनवेळी आजारी पडला तर बदलता येतो. केंद्रप्रमुखांना लगेच लेखी कळवा.

२०. आमचं कॉलेज स्वायत्त आहे. मग कुणाकडे जायचं?

स्वायत्त कॉलेजची स्वतःची विद्यापरिषद, अभ्यासमंडळे आणि परीक्षा विभाग असतो. म्हणून प्रश्न ४, ११, १२ आणि १३ मधली कामे कॉलेजातच. शुल्क आणि मुदतीही त्यांच्याच. पदवी प्रमाणपत्र मात्र विद्यापीठ देते, पात्रता आणि मायग्रेशनही तिथलेच. परदेशी अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) हवी असेल तर गोंधळ होतो: गुणांची नोंद कॉलेजकडे, शिक्का कुणाचा चालेल ते परदेशी संस्था ठरवते. आधी त्यांना विचारा, मग पैसे भरा. एखादे कॉलेज मध्येच स्वायत्त झाले असेल तर जुन्या पद्धतीत केटी (मागे राहिलेले विषय) असलेल्यांची परीक्षा विद्यापीठ घेणार की कॉलेज, हे संक्रमणाच्या परिपत्रकात लिहिलेले असते.

२१. पदवी प्रमाणपत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट अडकलीय. मुदत काही असते का?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली विद्यापीठाने जी सेवा अधिसूचित केली असेल तिला दिवसांची मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो. यादी संकेतस्थळावर किंवा प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर बघा. मुदत उलटली की ३० दिवसांत प्रथम अपील. विनाकारण विलंब केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. डिजिलॉकरमध्ये पदवी आली असेल तर ती मूळ प्रतीसारखीच ग्राह्य आहे, छापील कागदासाठी थांबण्याची गरज नाही.

२२. मी प्राध्यापक आहे. संस्थेने काढून टाकलं. तक्रार निवारण समितीकडे जाऊ का?

नाही, तिथे वेळ घालवू नका. बडतर्फी, सेवेतून काढणे, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणे यांवर दाद विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणापुढे, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. वेतननिश्चिती, रजा, कामाचा भार अशा इतर गाऱ्हाण्यांसाठी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती (प्रश्न ९ मधल्या विद्यार्थ्यांच्या समितीहून वेगळी). तोंडी काढले असेल आणि आदेशच दिला नसेल तर त्याच दिवशी “मला कामावर येण्यास मनाई करण्यात आली” असे ईमेल प्राचार्यांना आणि प्रत कुलसचिवांना पाठवा. दिवस कधीपासून मोजायचे यावर पुढे वाद होतो, तेव्हा हेच ईमेल उपयोगी येते.

२३. व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत आमच्याबद्दल काय ठरलं ते कळत नाही. इतिवृत्त मिळतं का?

मिळते. आधी संकेतस्थळावर शोधा. नसेल तर माहिती अधिकारात बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक लिहून मागा. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, असा राज्याचा नियम आहे. “सर्व बैठकांची सर्व माहिती” मागितली की अर्ज अडतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते अपुरे आहे, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जात इतिवृत्ताबरोबरच ‘इतिवृत्त कायम झाल्याची नोंद’ही मागा. पुढच्या बैठकीत ते कायम होण्याआधी मसुद्यात बदल होऊ शकतो, आणि तुमच्या हाती आलेली प्रत कच्ची निघाली तर ती पुढे कुणी मानत नाही.